बोटीची आतली कडी

बीडला निघताना माझ्या पिशवीत एक पितळी बोल्ट होता. घरच्या दाराला आतून लावतो तसाच, पण भरीव आणि जड, मालवणच्या दुकानातून मुद्दाम मागवलेला. ताईने फोनवर बजावलं होतं, "लोखंडी नको गो, पाण्यावर गंजतो. आणि सरकवताना हाताला गोड लागला पाहिजे." नवऱ्याने तो बोल्ट हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "बीड जिल्ह्यात पाण्यावर काय गंजणार आहे?" मी म्हटलं, "ताईची बोट." तो पुढचा प्रश्न विचारायच्या आत मी रिक्षात बसले होते.

प्रश्न त्याचाही चुकीचा नव्हता. माझी थोरली बहीण सुनंदा माजलगावजवळच्या एका गावात दिलेली. आम्ही दोघी विजयदुर्गाच्या खाडीकाठच्या. आमच्या वडिलांचा मचवा होता आणि चालायला शिकायच्या आधी आम्ही सुकाणू धरायला शिकलो असं आई सांगायची, त्यात निम्मं खरं आहे. दाजी तेव्हा देवगडला नोकरीला होते. लग्नानंतर थोड्याच दिवसांत घरची शेती बघायला ते परत गावी गेले आणि त्यांच्याबरोबर ताईही खाडी सोडून ज्वारीच्या रानात गेली. पुढे तिकडे धरणाचं पाणी आलं ही एवढीच काय ती मेहेरबानी. दाजी गेले, मुलगा महेश कर्ता झाला, सून आली, नातू झाला. आणि दोन वर्षांपूर्वी ताईने मुंबईतल्या एका कंटाळलेल्या माणसाकडून जुनी शिडाची बोट घेतली. फायबरची, पोटात दोन माणसं झोपतील एवढी खोली असलेली. मुंबईहून ती ट्रकने आली आणि शेवटचा टप्पा उसाच्या ट्रॉलीतून. डोलकाठी ट्रॉलीबाहेर आली होती म्हणून तिच्या टोकाला लाल फडकं बांधलं होतं. हा फोटो मी इकडे आमच्या सांगलीत ज्यांना ज्यांना दाखवला त्यांनी तो बनावट ठरवला.

दिवसा बोट फिरवायला घरच्यांची हरकत नव्हती. पण आता ताईला बोटीवर झोपायचं होतं. एकटीला. आणि तिथे महेशचं डोकं फिरलं. त्याचा मला फोन आला. "मावशी, तुमीच समजवा. लोक काय म्हणतील ते ऱ्हाऊ द्या, पर रानात, पाण्यावर, एकटी बाई? कोण आत शिरलं तर?" शेवटी मायलेकांत तह झाला. महेश सांगेल तशा कड्या-कुलपं बोटीला बसवायची, पहिल्या रात्री मी सोबत झोपायचं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी महेश येऊन बघणार. सगळं धड असेल तर ताईने खुशाल झोपावं. काही वेडंवाकडं झालं तर बोट एका लॉनवाल्याला द्यायची. हा लॉनवाला गेले सहा महिने मागे लागला होता. लग्नाआधी नवरा-नवरीचे फोटो काढायला त्याला ती हिरवळीवर उभी करायची होती.

मला मात्र वेगळंच कुतूहल होतं. ताईचं घर चांगलं मोठं, माळवदाचं जुनं आणि स्लॅबचं नवं असं जोडून बांधलेलं. खोल्यांना तोटा नाही. मग या वयात बोटीच्या पोटात, अंग वळवायला जागा नाही अशा ठिकाणी झोपायचा हट्ट कशासाठी?

सांगलीहून लातूर, लातूरहून अंबाजोगाई आणि तिथून धारूर. मार्च लागला होता आणि खिडकीबाहेरचं ऊन आताच डोळ्यांत भरत होतं. धारूरला एसटी थांबली. एका अंगाला किल्ल्याची तटबंदी, दुसऱ्या अंगाला भज्यांची गाडी. भजी घेऊन मी परत चढले तेव्हा शेजारच्या जागेवर एक बाई येऊन बसल्या होत्या. मांडीवर कोंबडी, पाय बांधलेली, पण चेहऱ्याने निवांत.

"कुठं चाललाव?"

"माजलगावकडे. बहिणीकडे."

"काय काम काढलं?"

खोटं बोलायला सुचलं नाही. "बहिणीची बोट आहे. त्या बोटीवर झोपायचंय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग कोंबडीकडे पाहिलं. "आमच्या गावाला प्यायच्या पान्याचा टँकर येतो, अन् तुमी बोटीवर झोपाया चाललाव व्हय? कावून? घरात जागा न्हाई का?"

"तेच विचारायला चाललेय," मी म्हटलं. त्यांनी माझ्या पुड्यातलं एक भजं उचललं आणि उतरेपर्यंत माझी काळजी वाहिली.

घाट उतरला की रान सपाट होत जातं. कापसाच्या पऱ्हाट्या (वेचून झालेल्या कापसाची वाळकी झाडं) शेतात तशाच उभ्या होत्या, मधूनच हिरवागार ऊस. महेश माजलगावच्या स्टँडवर गाडी घेऊन आला होता. उंच, दाजींसारखाच भरघोस मिशांचा, आणि दाजींसारखाच काळजीने भुवया वर गेलेला. त्याचा आईवर फार जीव आहे. हे मी आधीच लिहून ठेवते, कारण पुढे तो जरा वाईट दिसणार आहे.

घरी सुनेने, सविताने, येसर आमटी केली होती. (येसर म्हणजे भाजलेल्या डाळी-धान्यांचं आणि मसाल्यांचं पीठ. ते पाण्यात कालवून जी झणझणीत आमटी होते तिच्यापुढे आमची सोलकढी गरीब वाटते.) ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा बुक्कीने फोडलेला. मी इतकं जेवले की ताईने मला तिच्या खोलीत नेऊन आडवं केलं.

ताईच्या खोलीचं वर्णन करायलाच हवं. खोली मोठी, हवेशीर, पण तिला दोन दारं. एक माजघरात उघडतं, दुसरं धान्याच्या कोठीत. म्हणजे ती खोली कमी आणि वाट जास्त. आम्ही दोघी आडव्या झालो आणि गप्पांना सुरुवात करणार तोच सविता पिठाचा डबा न्यायला आली. मग नातू चार्जर शोधत आला. मग महेश कपाटातले कागद घ्यायला. मग एक गडी फवारणीचा पंप न्यायला, "झोपा, झोपा" असं म्हणत. कंटाळून मी उठले आणि माजघराकडचं दार लोटून त्याला कडी घातली. मिनिटभरात दारावर थाप.

"मावशी, बरं वाटत न्हाई का?" बाहेर सविता उभी, चेहरा उतरलेला. तिच्या मागे महेश. "काय झालं? कडी कावून लावली?"

"काही नाही, जरा पडत होते."

"मंग पडा की. कडी कशाला?" महेशने दार सताड उघडं करून त्याला दगड लावला, आपुलकीनेच. ताई भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती हसत होती की काय ते मला दिसलं नाही.

संध्याकाळी धरणावर गेलो. उन्हाळ्याकडे पाणी मागे सरकतं आणि उघड्या पडलेल्या गाळात लोक टरबूज, काकड्या, गुरांचा चारा लावतात. याला गाळपेर म्हणतात. त्या हिरव्या पट्ट्यापलीकडे पाणी, आणि पाण्यात ताईची बोट, निळ्या रंगाची, डोलकाठीवर पाणकावळा बसलेला. खरं सांगते, माझे डोळे भरून आले. खाडी सोडल्यावर असं दृश्य मला या जन्मात या रानात दिसेल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

महेशने मला एकेक बंदोबस्त दाखवला, किल्ला दाखवणाऱ्या वाटाड्यासारखा. बोटीच्या खोलीत उतरायला मागच्या बाजूला जे तोंड असतं तिथे मुळात नुसत्या सरकत्या फळ्या होत्या. त्याने सुताराकडून दार करून घेतलं होतं. दाराला बाहेरून कडी-कोयंडा, चांगली गावठी, साखळीची. "तू बोटीवर नसशील तवा कुलूप घालाया," तो ताईला म्हणाला. पुढच्या बाजूला खोलीच्या छताला एक चौकोनी झडप असते, वारा यायला. इकडे माळवदाच्या घरांना उजेडासाठी छतात भोक ठेवतात, त्याला सवणं म्हणतात. म्हणून घरात सगळे त्या झडपेलाही सवणंच म्हणत. पूर्वी चोर सवण्यातून उतरायचे. महेशने ती आठवण ठेवून सवण्याला लोखंडी गज बसवले होते, नट-बोल्टांनी आवळून, इतके जवळजवळ की आतून झडपेला हातही पोचू नये. "नट आतल्या अंगाला ठिवलेत," तो म्हणाला. "भायरून कुणाच्या बापाला खोलता यायचे न्हाईत." आणि शेवटची अट म्हणजे नांगर काठाजवळ टाकायचा. हाक मारली तर कुणाला तरी ऐकू गेली पाहिजे.

"आणि आतून?" मी विचारलं.

"आतून आईला काय लावायचं ते लावू द्या," महेश म्हणाला. आतल्या कडीत त्याला रस नव्हता, हे मला तेव्हा जाणवलं. ताईने माझ्या हातातून पितळी बोल्ट घेतला, दोनदा सरकवून पाहिला आणि स्वतःच्या हाताने दाराला आतून चार स्क्रूंनी बसवला. मदत करायला पुढे झालेल्या मुलाला तिने हातानेच मागे सारलं.

काठावर एक शेळीवाला हे सगळं बघत उभा होता. लिंबाजी. ताईच्या ओळखीचा. रोज सकाळ-संध्याकाळ शेळ्या घेऊन तो गाळाच्या कडेने जायचा. वाऱ्याने दाराची बाहेरची साखळी हलत होती आणि फळीवर आपटून किणकिण वाजत होती.

"काकू, ती कडी बांधा," लिंबाजी म्हणाला. "रिकामी कडी वाजली की घरात भांडनं लागत्यात."

"बोट आहे, लिंबाजी, घर नव्हं."

"दार हाय न्हवं का? दार असलं की घर."

ताई नुसती हसली.

महेश गेल्यावर आम्ही शीड उभारलं. वारा मंद होता, पण होता. ताईने सुकाणू माझ्या हातात दिलं आणि स्वतः पुढे जाऊन बसली. हात विसरत नाहीत. दूर साखर कारखान्याची चिमणी, जवळ माशांच्या जाळ्यांचे प्लास्टिकचे डबे तरंगत असलेले. एका तराफ्यावरच्या मासेमाराने हात केला. ताईने त्याच्याकडून एक रोहू घेतला आणि परत काठाजवळ नांगर टाकल्यावर स्टोव्हवर त्याचं कालवण केलं, बिननारळाचं, भरपूर शेंगदाण्याचं. चवीला ते माशाचं होतं की भरल्या वांग्याचं हे मी आजही सांगू शकत नाही. पण भाकरीबरोबर गेलं.

जेवण झाल्यावर मी विषय काढला. "ताई, खरं सांग. घर सोडून इथे का?"

ती उठली, खोलीत उतरली, मलाही आत घेतलं, दार ओढलं आणि बोल्ट सरकवला. खट्. मग ती दाराला पाठ लावून तशीच बसून राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी लहानपणी पाहिलं होतं, वडील मचवा घेऊन सुखरूप परत आले की आईच्या चेहऱ्यावर यायचं तेच.

"आता कुणी येणार न्हाई," ती म्हणाली. एवढंच. आणि पाच मिनिटांत ती घोरत होती. बाहेर साखळी वाऱ्याने किणकिणत होती. मला वाटलं होतं की त्या आवाजाने मला झोप लागणार नाही. पण मीही झोपले.

जाग आली ती डोक्यावरच्या खुरांनी. टपटप, टपटप, आणि मग काहीतरी घसरल्याचा आवाज. ऊन दाराच्या फटीतून सरळ आत आलं होतं. बोट एका अंगाला कलली होती. रात्रीतून कालव्याला पाणी सोडलं असावं. काठाजवळ उथळ जागी उभी केलेली आमची बोट गाळात बसली होती, आणि लिंबाजीच्या शेळ्यांना एक नवा निळा डोंगर मिळाला होता.

ताई अजून गाढ झोपेत. ताई, जी कोंबड्याच्या आधी उठते! मी तिला हलवलं. ती दचकून उठली, उन्हाकडे बघून म्हणाली, "अगो बाई, दिस वर आला," आणि मग एकदम लहान मुलीसारखी हसली. "आज कुणी उठवलं न्हाई मला."

मी बोल्ट मागे ओढला आणि दार ढकललं. दार हललं नाही. पुन्हा ढकललं. खांदा लावला. बाहेर साखळी जरा ताणली गेली आणि थांबली. ती वाजत नव्हती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की जाग आल्यापासून ती वाजलेलीच नाही.

"बाहेरून कडी लागलीय," मी म्हटलं.

आम्ही हाका मारल्या. शेळ्या थोडा वेळ थबकल्या, मग त्यांना आमची सवय झाली. दाराच्या फटीतून मला आभाळाचा तुकडा आणि एका बोकडाची दाढी एवढंच दिसत होतं. लिंबाजी कुठे लांब झाडाखाली असणार. खोली तापायला लागली होती. फायबरची भिंत आतून हाताला कोमट लागत होती, आणि मार्चातलं बीडचं ऊन ताजंतवानं होतं.

मी फोन काढला. रेंज होती.

"कुणाला लावतीस?" ताईने विचारलं.

"महेशला. दुसऱ्या कुणाला?"

तिने माझा हात धरला. "त्याला लावलास तर बोट गेली. लॉनवर. गवतात." "मी सांगते तुला, शैला, मी इथे शिजून मरेन पण त्याला फोन करणार न्हाई."

"शिजलीस तर मीही शिजणार आहे, त्याचं काय?"

"तू पाहुणी हायस. तू जरा सबूर कर."

बहिणी-बहिणींची भांडणं तापलेल्या डब्यात करू नयेत हे मी अनुभवाने सांगते. चार कडू वाक्यं झाल्यावर आम्ही दोघी एकदमच वर पाहिलं. सवणं. महेशचे गज. आणि नट आतल्या अंगाला.

बाकाखालच्या खोक्यात पाना निघाला. नट पोरानं असे आवळले होते की जणू आत तिजोरी ठेवलीय. ताईने त्यांवर शेंगदाण्याचं तेल सोडलं. मी बाकावर उभी राहून पाना फिरवत होते आणि ती खालून माझे पाय धरून सूचना देत होती, वडिलांच्या थाटात. शेवटचा नट निघाला तेव्हा माझ्या हाताला फोड आले होते आणि डोळ्यांत घाम गेला होता. गज खाली काढले, झडप वर लोटली, आणि वारा आत आला. दोघी क्षणभर तशाच तोंड वर करून उभ्या राहिलो.

आता बाहेर पडायचं. ताईचा गुडघा दुखरा, म्हणजे मी. डोकं गेलं, खांदे गेले, आणि मग कालची येसर आमटी आडवी आली. मी सवण्यात कमरेशी अडकले. अर्धी आत, अर्धी बाहेर, आणि समोर सात-आठ शेळ्या, माझ्याकडे अत्यंत गंभीरपणे बघत असलेल्या. एकीने माझ्या ओढणीचं टोक चावायला घेतलं. खालून ताईने खांदा लावला आणि मी बाहेर आले, टपावरून घसरले, आणि गाळात बसले. पोटरीपर्यंत गाळ, गार आणि मऊ. इतकं बरं वाटलं की दोन मिनिटं उठलेच नाही.

मागे जाऊन दार पाहिलं. साखळी कोयंड्यात व्यवस्थित अडकवलेली आणि कोयंड्यात एक हिरवी बाभळीची काडी, काटे सोलून काढलेली. इकडे कुलूप नसलं की अशी काडी घालून जातात. काडी ओढली. दार उघडलं. ताई बाहेर आली, घामाने न्हालेली, आणि मला बघून हसतच सुटली.

तेवढ्यात लिंबाजी काठी हलवत आला आणि आम्हाला बघून जागीच थांबला. "आँ! तुमी आतच व्हतात व्हय?"

"कडी तू लावलीस?"

"म्याच लावली. पहाटंपासून वाजत व्हती. अन् शेळ्या दाराला डोकं लावत व्हत्या. म्या म्हणलं, काकू गावात गेल्यात अन् कडी घालायची इसरल्यात."

"अरे, पण आत बघायचं तरी! हाक मारायची!"

लिंबाजी खरोखर गोंधळला. "दिस उगवला व्हता की काकू. दिस उगवल्यावर बाई मानूस झोपलेलं आसतंय का कुठं? दार बंद म्हंजी आत कुनी न्हाई."

ताई बोटीच्या कडेला बसली आणि तिचं हसणं थांबलं.

लिंबाजी शेळ्या खाली हाकलत असताना मी तिला हळूच म्हटलं, गज परत बसवू, महेशला कळायचं कारण नाही. तिने मान हलवली. "लपवायचं कशाला? सांगणारच हाय मी."

दुपारी महेश आला, सविताला बरोबर घेऊन, डब्यात धपाटे आणि दही. ताईने त्याला सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. त्याचा चेहरा उतरत गेला आणि मग तांबडा झाला.

"बघा! बघा मावशी, म्या म्हणलं व्हतं न्हाई! काय झालं असतं म्हंजी? लॉनवाल्याला आजच फोन लावतो."

"लाव," ताई म्हणाली. "पण आधी आत जाऊन सवणं बघून ये. गज वाकलेत का काय."

महेश वाकून आत उतरला. ताईने दार लोटलं, साखळी कोयंड्यात टाकली आणि तीच बाभळीची काडी तिच्यात घातली. झडप मघाच तिने वरून बंद करून तिच्यावर नांगराचा जड दोर रचून ठेवला होता, हे मला तेव्हा समजलं.

"आई? काय करतीस? उघड."

"तूच उघड. आत बोल्ट हाय, मावशीनं आणलेला. पितळेचा."

"बोल्ट उघडाच हाय. कडी भायरून हाय!"

"तेच."

सविताने तोंडाला पदर लावला होता. मग ताई दाराला पाठ लावून बसली, रात्री आतून बसली होती तशीच, आणि दाराशी बोलावं तसं बोलायला लागली.

"तुझी आजी व्हती तवा दुपारी दार लावलं तर म्हणायची, दिवसाढवळ्या कडी कावून. तुझे वडील म्हणायचे, घरात कोण परकं हाय का? खरंच हाय, कुणीच परकं न्हाई. मंग तू. तू दाराला दगड लावतोस. तुझी माया कळती रे मला. पर मी म्हातारी झाले, महेश, अन् माझ्या हातानं लावलेलं अन् माझ्याच हातानं उघडलेलं एक दार मला घरात मिळालं न्हाई. चोराचं भ्या तुला हाय. मला न्हाई. मला फक्त रातभर कुणी पिठाचा डबा न्यायला यायला नको हाय."

एवढा प्रवास करून जे विचारायला मी आले होते त्याचं उत्तर मिळालं होतं, आणि ते काल दुपारीच मला दिसलं होतं, दगड लावलेल्या दारात. पितळी बोल्टाने चोर थांबला नसता, दार प्लायवुडचंच होतं. त्याने थांबायची होती ती घरची माणसं.

"आई," महेश आतून म्हणाला. आवाज अगदी लहान झाला होता. "लई गरम व्हतंय."

ताईने काडी काढली. तो बाहेर आला, घामाघूम, कुणाकडे न बघता. काठाला जाऊन तोंडावर पाणी मारलं. परत आला तेव्हा हातात स्क्रूड्रायव्हर होता. त्याने बाहेरची कडी एकेक स्क्रू काढत दारावरून उतरवली, कोयंड्यासकट, आणि खिशात टाकली.

"कुलूप लावायचं असंल तवा मागून घे माझ्याकडून," तो म्हणाला. मग न राहवून, "पर रातीचं तुला काय झालं तर? म्या कसा येऊ आत?"

"हाका मार. न्हाई उठले तर फोड की दार. फोडायला कोण न्हाई म्हणतंय?"

"अन् लॉनवाल्याला काय सांगू?"

"सांग, बोटीत बाई राहती."

मग आम्ही धपाटे खाल्ले, दह्याबरोबर, बोटीच्या सावलीत गाळावर बसून. डबा आवरताना सविता एकटीच आत उतरली. आम्हाला आतून आवाज आला, खट्. थोड्या वेळाने पुन्हा खट्. बाहेर आली तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली.

परतीच्या एसटीत शेजारी कोंबडीवाल्या बाई नव्हत्या, याचं वाईट वाटलं. कारण आता त्यांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ होतं. घरात जागा न्हाई का? आहे हो, पुष्कळ आहे. नुसती वाटच वाट आहे.

सांगलीच्या आमच्या फ्लॅटला दाराबाहेर आणखी एक लोखंडी दार आहे, त्याला दोन कुलपं, आणि आतल्या दाराला कडी, साखळी, बोल्ट. प्रवासातून आल्यावर ते सगळं लावणं मला नेहमी सुरक्षित वाटायचं. या खेपेला लावता लावता मी मोजत गेले की यातली किती मी माझ्यासाठी लावते. स्वयंपाकघराला दारच नाही. झोपायची खोली दोघांची. नवऱ्याने विचारलं, "काय शोधतेयस?" मी म्हटलं, "काही नाही, ताईचा बोल्ट कसा बसला ते आठवतेय."

पंधरवड्याने ताईला फोन केला. संध्याकाळ होती. मागे नातवाची किरकिर ऐकू येत होती आणि भांड्यांचा आवाज.

"काय गो, आज बोटीवर नाहीस?"

"न्हाई. घरीच हाय. ह्याला जेवू घालतेय, भाकरी टाकायच्यात अजून."

"का? महेशने परत काही काढलं का?"

"नाही गो." ती फोनच्या जवळ आली आणि आवाज खाली नेला, माजघरातल्या सगळ्या उघड्या दारांना ऐकू जाऊ नये इतका. "आज सविता गेलीय. म्हणली, आत्याबाई, एक रात मी झोपू का तिथं. महेश काठावर बाज टाकून बसलाय, लांब. मी सांगितलंय त्याला, हाक मारायची न्हाई, अन् दिस वर आला तरी उठवायचं न्हाई."